नर्सिंगच्या अभ्यासाला टॅबलेट घ्यावा का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश झाला आहे, जवळ एक जुना पण धड चालणारा लॅपटॉप आहे, आणि वर्गातले निम्मे जण पेनवाला टॅबलेट घेत आहेत. तो अभ्यासाला खरंच उपयोगी पडतो का, लॅपटॉपची गरज संपते का, आणि वॉर्डात सोबत नेला तर चालेल का?

बरीच वर्षं मी वॉर्डात ड्यूटी केली, आता विद्यार्थ्यांच्या क्लिनिकल पोस्टिंगवर, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकण्याच्या पाळीवर, त्यांच्यासोबत असते. टॅबलेट घेऊन आलेल्या कितीतरी बॅचेस माझ्यासमोर शिकून बाहेर पडल्या. म्हणून आधी माझं मत सांगते, कारणं मागून. अभ्यासाच्या टेबलावर टॅबलेट फार कामाला येतो, पण तो कसा वापरतेस त्यावर सगळं आहे. लॅपटॉप मोडीत काढू नकोस. रुग्णाच्या खाटेजवळ टॅबलेट नेऊ नकोस. आणि घ्यायचाच असेल तर पहिली पोस्टिंग होऊ दे, मग घे.

सगळ्यांच्या आधी डोळ्यांत भरतो तो पुस्तकांचा फायदा. मेडिकल-सर्जिकल नर्सिंगचं एक पुस्तक दोन हजार पानांच्या पुढे जातं. त्यात फार्माकॉलॉजी, ॲनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी धर, म्हणजे दप्तर उचलवत नाही. दहा-अकरा इंची टॅबलेट साधारण अर्ध्या किलोचा असतो. पण माझ्या मते वजनापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे शोधता येणं. नर्सिंगचं ज्ञान एका धड्यात बसत नाही. पोटॅशियम कमी होणं ही एकच गोष्ट घे. ती लघवी वाढवणाऱ्या औषधांच्या धड्यात आहे, उलट्या-जुलाबांच्या धड्यात आहे, ईसीजीच्या धड्यात आहे, आणि डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तर ती जिवावर बेतू शकते. कागदी पुस्तकात ही चार पानं जोडायला अर्धा तास जातो, आणि खरं सांगायचं तर कोणी जोडत नाही. टॅबलेटवर एक शब्द टाकला की चारही ठिकाणं समोर येतात. ज्या विद्यार्थिनी असा आडवा-तिडवा शोध घ्यायला शिकतात, त्यांचे केअर प्लॅन (रुग्णाची काळजी कशी घ्यायची याचे लेखी आराखडे) वेगळे दिसतात. त्यांत एका आजाराची यादी नसते, एक माणूस दिसतो.

वाचनाच्या बाबतीत मात्र एक खबरदारी आहे. २०१८ साली कागदावरच्या आणि स्क्रीनवरच्या वाचनाची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात दीड लाखाहून जास्त वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजला, आणि वेळेचं बंधन असताना हा फरक वाढला. कथा वाचताना मात्र फरक पडला नाही. नर्सिंगची पुस्तकं सगळी माहितीपर, आणि परीक्षेच्या आधीचा वेळ नेहमी कमीच. म्हणून ॲसिड-बेस संतुलन, इलेक्ट्रोलाइट्स, शॉकचे प्रकार असे डोकं लावून वाचायचे धडे कागदावर वाच. छापून घे किंवा वाचनालयातलं पुस्तक वापर. शोधायला आणि उजळणीला टॅबलेट.

ई-पुस्तक घेताना परवाना किती दिवसांचा आहे तेही बघून घे. काही पुस्तकं ठरावीक मुदतीपुरतीच उघडतात. पहिल्या वर्षाची ॲनाटॉमी तुला शेवटच्या वर्षीही लागणार आहे.

आता नोट्स. इथे मी जरा थांबून बोलणार आहे, कारण टॅबलेट वाया जातो तो बहुतेक इथेच.

२०१४ साली म्युलर आणि ओपनहायमर या दोन संशोधकांनी दाखवलं की लॅपटॉपवर टाइप करणारे विद्यार्थी जास्त शब्द लिहितात, पण ऐकलेलं जसंच्या तसं उतरवतात, आणि समजुतीच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात. २०१९ मध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा फरक तेवढा ठळक दिसला नाही. म्हणून हाताने लिहिलं की आपोआप डोक्यात जातं असं मी म्हणणार नाही. पण वर्गात उभी राहून शिकवताना मला जे दिसतं ते या पहिल्या निष्कर्षाशी जुळतं. टाइप करणाऱ्या मुलीची मान खालीच असते. पेनने लिहिणारी मधेच थांबते, बाण काढते, प्रश्नचिन्ह टाकते. टॅबलेटवर पेनने लिहिणं हे हातानेच लिहिणं आहे, हा त्याचा लॅपटॉपवरचा मोठा फायदा.

गडबड पुढे होते. टॅबलेटवर नोट्स फार सुंदर दिसतात. सहा रंग, सुबक मथळे, इंटरनेटवरून चिकटवलेली चित्रं. माझ्या हाताखालच्या एका विद्यार्थिनीच्या नोट्स इतक्या देखण्या होत्या की अख्खा वर्ग तिच्याकडून मागून घ्यायचा. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मी तिला विचारलं, हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचं रोज सकाळी वजन का करायचं? तिला ते पान कुठे आहे, कुठल्या रंगात आहे, हे सगळं आठवत होतं. उत्तर आठवत नव्हतं. तिने मेहनत कमी केली नव्हती, म्हणून मला फार वाईट वाटलं. मेहनत सगळी सजावटीत गेली होती. (उत्तर असं: शरीरात पाणी साठतं ते सूज दिसण्याच्या आधी वजनात दिसतं. एक किलो वाढलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी साठलं.)

स्मरणशक्तीबद्दल एक गोष्ट पक्की माहीत आहे आणि तरी आपण ती पाळत नाही. वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून बघणं जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने पारडं फिरलं: आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के राहिलं होतं, वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. त्या पहिल्या पाच मिनिटांमुळे आपण फसतो. रात्री वाचलेलं रात्री येतं, म्हणून आपल्याला येतं असं वाटतं.

टॅबलेटचं खरं मोल इथे आहे. नोट्सच्या ॲपमध्ये पानावर पट्टी ओढून उत्तर झाकता येतं. अंकीसारख्या ॲपमध्ये प्रश्न-उत्तरांची कार्डं करता येतात. जे चुकतं ते लवकर पुढ्यात येतं, जे बरोबर येतं ते काही दिवसांनी. औषधांचे गट, लॅबच्या नॉर्मल किमती, लसींची वेळापत्रकं, रुग्ण किती शुद्धीवर आहे ते मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचे गुण, अशा सुट्या माहितीला ही पद्धत अगदी फिट बसते. पण कार्डं स्वतः बनव. दुसऱ्याची तयार हजार कार्डं उतरवून घेतलीस तर ती तुझ्यावर ओझं होऊन बसतील. आणि कार्डावर 'का' विचार. 'मॉर्फिन देण्याआधी काय मोजाल' हे ठीक. 'श्वासाची गती का मोजाल' हे जास्त चांगलं.

चित्रं काढण्याबद्दल तर मी टॅबलेटची मनापासून बाजू घेते. गर्भातलं रक्ताभिसरण घे. नाळेतून आलेलं रक्त डक्टस व्हिनोसस, फोरामेन ओव्हेल, डक्टस आर्टेरिओसस अशा तीन आडवाटांनी जातं, आणि जन्मानंतर त्या बंद होतात. हे कोणालाच एका बैठकीत कळत नाही. टॅबलेटवर हृदयाची रिकामी बाह्यरेषा एकदा काढून ठेव, तिच्या दहा प्रती कर, आणि दहा वेगवेगळ्या दिवशी न बघता प्रवाह भर. दहाव्या दिवशी हात आपोआप चालतो. ईसीजीच्या लहरी, मूत्रपिंडातला नेफ्रॉन, मज्जातंतूंच्या वाटा, सगळं असंच करता येतं. शरीर फिरवून बघायची त्रिमितीय ॲप्सही चांगली आहेत, फक्त ती बघायला इतकी छान असतात की बघण्यालाच अभ्यास समजलं जातं. आधी फिरवून बघ, मग बंद करून काढ.

हृदयाचे आणि फुफ्फुसांचे आवाज ऐकायचे असतील तर चांगले हेडफोन लाव. तिसरा हृदयध्वनी इतका खालच्या पट्टीतला असतो की टॅबलेटच्या छोट्या स्पीकरमधून तो धड ऐकू येत नाही, आणि मुली म्हणतात, मॅडम, मला हा आवाज समजतच नाही. कान ठीक असतात, स्पीकर कमी पडतो.

आता वॉर्ड. इथे मी आग्रही आहे.

पहिला प्रश्न जंतूंचा. स्टॅफिलोकोकस ऑरियस कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधीकधी महिनेही जिवंत राहतो. हात धुण्याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले पाच क्षण तुला पहिल्याच महिन्यात पाठ करावे लागतील: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक प्रक्रियेआधी, शरीरातल्या द्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर. आता विचार कर. हात धुतलेस, टॅबलेटवर एकदा बोट फिरवलंस, आणि ड्रेसिंगला हात घातलास. धुणं कुठे गेलं? बऱ्याच टॅबलेटची काच ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसलेली चालते, पण कव्हरचे सांधे, पेनाची खाच, चार्जिंगचं भोक पुसलं जात नाही. आणि क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरतच नाहीत. तीच वस्तू संध्याकाळी तुझ्या उशीशी, जेवणाच्या टेबलावर, घरातल्या लहान मुलाच्या हातात. मला हे विचारानेही नको वाटतं.

दुसरा प्रश्न गोपनीयतेचा. कॅमेरा असलेली वस्तू हातात घेऊन तू खाटांमधून फिरतेस तेव्हा रुग्णाला काय वाटत असेल? आणि तू काहीच टिपलं नाहीस तरी हे आहेच: केअर प्लॅनसाठी नाव, खाट क्रमांक, रिपोर्टचा फोटो टॅबलेटवर ठेवला की तो बहुधा आपोआप क्लाउडवर जातो, तिथून घरच्यांच्या फोनवरही उघडू शकतो. केस प्रेझेंटेशनसाठी वय, लिंग, निदान आणि तुझी निरीक्षणं पुरतात. ओळख पटेल असं काही टॅबलेटवर नसावं, आणि फोटो तर जखमेचाही नको, चेहरा दिसत नसला तरी नको. संस्थेने स्वतःची यंत्रं, स्वतःचे नियम आणि संमतीपत्र दिलं असेल तर ती वेगळी गोष्ट.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: नजर. नवीन विद्यार्थिनीचं पहिल्या पोस्टिंगचं काम म्हणजे बघायला शिकणं. ओठांचा रंग, श्वास घेताना मान ताणली जाते का, चादर मुठीत घट्ट धरली आहे का, नेहमी बोलणाऱ्या आजी आज गप्प का. हे मॉनिटरवर येत नाही, टॅबलेटवर तर नाहीच. हातात स्क्रीन असली की नजर स्क्रीनकडे जाते. यात मुलींचा दोष नाही, स्क्रीन बनवलीच त्यासाठी आहे.

एक प्रसंग सांगते. ५०० मिली सलाइन आठ तासांत द्यायचं होतं. विद्यार्थिनीने ॲपमध्ये आकडे टाकले आणि मिनिटाला ६३ थेंब लावले. ॲपमध्ये एका मिलीला ६० बारीक थेंब पाडणारा मायक्रोड्रिप सेट निवडलेला होता, लावलेला सेट मात्र एका मिलीला २० थेंबांचा होता. त्या सेटला हवे होते मिनिटाला २१. तिच्या वेगाने ती बाटली आठ तासांऐवजी दोन तास चाळीस मिनिटांत संपली असती, आणि रुग्णाचं हृदय आधीच कमजोर होतं. वॉर्डच्या सिस्टर जाता जाता थांबल्या, ड्रिप चेंबरकडे नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, हे फार पळतंय. त्यांनी हिशोब केला नव्हता. त्यांच्या डोळ्याला २१ थेंब कसे पडतात ते माहीत होतं.

ॲपने गणित बरोबरच केलं होतं. पण ज्याने कधी कागदावर ५०० गुणिले २० भागिले ४८० (आठ तासांची मिनिटं) केलेलं नाही, त्याला ६३ हा आकडा खटकत नाही. म्हणून निदान पहिलं वर्षभर डोसची आणि थेंबांची गणितं हाताने कर. ॲप नंतर, पडताळ्यासाठी. आणि पडताळा अनुभवी सिस्टरकडूनही करून घे.

औषधांच्या ॲपबद्दल याच ओघात एक सूचना. ॲप कुठल्या देशासाठी बनलं आहे ते बघ. ॲड्रेनलिन आणि एपिनेफ्रिन एकच, साल्ब्युटामॉल आणि अल्ब्युटेरॉल एकच, पॅरासिटामॉल आणि ॲसिटामिनोफेन एकच, पण नवीन माणसाला ही सहा वेगळी औषधं वाटतात. रक्तातली साखर कुठे लिटरमागे मिलिमोलमध्ये लिहितात तर कुठे डेसिलिटरमागे (१०० मिलीमागे) मिलिग्रॅममध्ये. ७ मिलिमोल म्हणजे १२६ मिलिग्रॅम. एककाकडे लक्ष न देता ७ आकडा वाचला तर काय होईल, कल्पना कर. डोस ठरवताना संस्थेने मान्य केलेलाच संदर्भ वापरायचा.

वॉर्डात मग काय न्यायचं? खिशात मावणारी छोटी वही, साधं पेन, सेकंद काटा असलेलं घड्याळ. वहीत आकडे आणि वेळा लिही, रुग्णाचं नाव नाही. ड्यूटी संपली की हात धुऊन, शांत बसून, त्या टिपणांवरून केअर प्लॅन टॅबलेटवर मांड. हे दुसऱ्यांदा लिहिणंच शिकवतं, कारण तेव्हा कळतं की आपण बीपी लिहिलं पण ते कुठल्या स्थितीत घेतलं ते लिहायचं राहिलं.

लॅपटॉपचं काय? तो लागेलच. मोठे असाइनमेंट्स, तक्ते, प्रेझेंटेशन, संशोधन प्रकल्प हे सगळं कीबोर्डवर आणि मोठ्या स्क्रीनवर लवकर होतं. ऑनलाइन परीक्षांची काही सॉफ्टवेअर टॅबलेटवर चालतच नाहीत. कॉलेजला आधी विचार. एकच वस्तू परवडत असेल तर लॅपटॉप आणि साध्या कागदी वह्या यांवर नर्सिंगचा अभ्यास उत्तम होतो, आजवर हजारोंनी तो तसाच केला आहे. टॅबलेटसाठी घरी कर्ज काढायला लावू नकोस. त्याआधी चांगला स्टेथोस्कोप आणि दिवसभर उभं राहता येईल असे बूट घे. वॉर्डात आठ तास उभं राहिल्यावर मी हे का म्हणते ते कळेल.

पहिली पोस्टिंग होऊ दे असं म्हणते ते यासाठी. तोवर तुला कळेल की तू वाचून शिकतेस, काढून शिकतेस की बोलून शिकतेस. बोलून शिकणाऱ्यांना टॅबलेटपेक्षा अभ्यासाची मैत्रीण जास्त उपयोगी पडते. मधल्या काळात कोणाचा टॅबलेट दोन-चार दिवस मागून घे आणि एक पूर्ण धडा त्यावर अभ्यासून बघ.

घ्यायचं ठरलंच, तर नवीनात नवीन मॉडेलची गरज नाही. पेन महत्त्वाचं: तळहात काचेवर टेकला तरी रेघ उमटता कामा नये, आणि लिहिताना अक्षर पेनाच्या मागे रेंगाळू नये. रबरी टोकाच्या स्वस्त पेनाने नोट्स होत नाहीत. काही कंपन्या पेन सोबत देतात, काहींचं वेगळं घ्यावं लागतं, तेव्हा किंमत दोन्ही मिळून धर. स्क्रीन दहा-अकरा इंच पुरे. आठ इंचांवर पुस्तकाचं पान वाचताना डोळे दुखतात, तेरा इंची बसमध्ये हातात धरवत नाही. साठवण १२८ जीबी असली तर व्हिडिओ आणि पुस्तकं बसतात. सॉफ्टवेअरचे अपडेट पुढची चार-पाच वर्षं मिळणार आहेत ना, ते विचार. मजबूत कव्हर घे. वापरलेला टॅबलेटही चालेल, पण बॅटरी किती तास टिकते ते समोर बसून बघ.

आणि पहिल्याच दिवशी बॅकअप चालू कर. माझ्या एका विद्यार्थिनीचा टॅबलेट शेवटच्या परीक्षेच्या आठ दिवस आधी जिन्यावरून पडला. तीन वर्षांच्या नोट्स त्यात, दुसरीकडे कुठेच नाहीत. मैत्रिणींनी आपापल्या वह्यांच्या झेरॉक्स काढून दिल्या आणि तिने त्यांवर परीक्षा दिली. पास झाली. नंतर मला सांगत होती, त्या झेरॉक्स वाचताना तिला बरंचसं आधीच येत होतं, कारण ती कार्डं करून रोज स्वतःला विचारायची.